आमचा जिल्हा कुठे आहे?

२०२० सालची गोष्ट. कोरोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या होत्या. मी भिवंडीच्या एका उर्दू शाळेत शिकवतो. जूनपासून आम्ही मोबाइलवरून धडे पाठवू लागलो.

सातवीच्या वर्गासाठी मला महाराष्ट्रातील जिल्ह्यांवरचा एक उर्दू व्हिडिओ मिळाला. आवाज गोड, चित्रे रंगीत आणि पाहणारे हजारो! शेवटी दहा प्रश्नांची चाचणी होती. तिचे गुण आपोआप मिळत. मी दोन मिनिटे व्हिडिओ पाहिला आणि सगळ्या मुलांना पाठवून दिला. खरे सांगायचे तर, चाचणी तपासावी लागणार नाही, याचाच मला अधिक आनंद झाला होता.

संध्याकाळी एका मुलीचा फोन आला. ती त्या दिवसांत बोईसरला मामूंकडे राहत होती.

"सर, महाराष्ट्रात जिल्हे किती?"

"३६."

"मी तेच लिहिले. मग माझे उत्तर चूक कसे? आणि आम्ही राहतो तो पालघर जिल्हा नकाशात का नाही?"

मी तो व्हिडिओ पहिल्यांदाच पूर्ण पाहिला. त्यात जिल्हे ३५ होते! १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा ३६ वा जिल्हा झाला. धडा त्यापूर्वीचा होता. कोणीतरी तो २०१८ साली पुन्हा इंटरनेटवर टाकला होता आणि ती तारीख पाहून मी त्याला नवा समजलो होतो.

बाकीच्या मुलांनी ३५ लिहून गुण मिळवले होते. एक मुलगा म्हणाला, "सर, ३६ मलाही ठाऊक होते, पण तुम्ही पाठवलेला धडा चुकेल, असे वाटले नाही." हे वाक्य मला फार लागले.

दुसऱ्या दिवशी मी मुलांची माफी मागितली आणि गुण बदलले. तेव्हापासून पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक धडा शेवटपर्यंत पाहतो, पाठ्यपुस्तकाशी ताडून बघतो आणि चाचणी स्वतः सोडवतो. पुस्तकातील क्यूआर कोडमधून 'दीक्षा'वर मिळणारे धडेही आधी पाहतोच. दहा मिनिटांच्या धड्याला कधी कधी तासभर लागतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवीचे वर्ग पुन्हा भरले. ती मुलगी आत आली आणि भिंतीवरच्या जुन्या नकाशासमोर थबकली.

"सर, इथेही पालघर नाही!"

सात वर्षे मी त्याच नकाशासमोर उभा राहून शिकवत होतो. मी तिच्या हातात पेन्सिल दिली.