चार हात लांब

नातू दीड महिन्याचा झाला तेव्हा मी लेकीकडे दोन दिवसांची रजा मागितली. "आई, ट्यूलिपना अजून वेळ आहे गं," ती म्हणाली. फेब्रुवारीतला बोचरा वारा आम्स्टेलव्हीनच्या खिडक्यांवर थडकत होता. मला ट्यूलिप बघायचेच नव्हते. साताऱ्यात ३२ वर्षं भूमिती शिकवली. भूमितीच्या रीतीनं देव सिद्ध करायला बसलेल्या माणसाच्या मुलखात आलेय, तर त्याची घरंदारं बघावीत एवढंच मनात होतं.

ॲम्स्टरडॅमच्या वॉटरलूप्लाइनवर जुना बाजार भरतो. वापरलेले कोट, पितळी दिवे, फुटकं-तुटकं काय काय. इथं पूर्वी एक कालवा होता, तो १८८२ मध्ये बुजवला. त्या कालव्याकाठच्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये २७ जुलै १६५६ रोजी २३ वर्षांच्या बारूख स्पिनोझाला, म्हणजे याच माणसाला, वाळीत टाकल्याचा हुकूम वाचला गेला. (त्याच वर्षाच्या जानेवारीत महाराजांनी जावळी घेतली होती. सातारकराला सन ऐकला की हे आठवतंच.) हुकूम पोर्तुगीज भाषेत. याच्याशी कुणी बोलू नये, पत्र लिहू नये, एका छपराखाली राहू नये, यानं लिहिलेलं वाचू नये आणि याच्या चार हातांच्या आत येऊ नये. चार हात! कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं ते जुनं माप. 'त्याच्यापासून चार हात लांब राहा' असं आपण उठता-बसता म्हणतो. इथं तो शब्दशः कायदा होता. त्याची मतं भयंकर पाखंडी असल्याचं हुकूम सांगतो, पण मतं कोणती ते सांगत नाही. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण चूक न दाखवता शून्य दिलेला पेपर मी दुसरा पाहिला नाही.

बाजाराच्या कडेला, पाण्याजवळ, त्याचा पुतळा आहे, २००८ साली बसवलेला. अंगरख्यावर चिमण्या आणि पोपट कोरलेत. पोपट म्हणजे गळ्याला कंठ असलेले आपलेच राघू. कधीतरी पिंजऱ्यातून सुटले आणि आता या शहराच्या बागांतून थव्यानं ओरडत फिरतात. परक्या मुलखातून येऊन इथलेच झालेले.

पलीकडे पोर्तुगीज सिनेगॉग. १६७५ मध्ये पुरं झालं, म्हणजे हुकूम इथला नव्हे, पण समाज तोच. आत पाऊल टाकलं तर बुटांखाली करकर वाळू! लाकडी जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. बुटांची ओल आणि आवाज ती गिळते. वीज नाही. पितळी झुंबरांतून आणि बाकांवरून मिळून हजारभर मेणबत्त्या. थंडी अशी की आपल्याच श्वासाची वाफ दिसावी.

तिथं माहिती सांगणारे एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांच्याकडून कळलं ते असं. पोर्तुगालच्या ज्यूंना १४९७ मध्ये सक्तीनं ख्रिस्ती केलं. पुढं इन्क्विझिशन आलं. चार-पाच पिढ्या वरून ख्रिस्ती, आतून आठवेल तेवढे ज्यू. ॲम्स्टरडॅमला पोचल्यावर बाप्ये माणसं हिब्रूची अक्षरं गिरवायला बसली, चाळिशीत सुंता करून घेतली. ज्या श्रद्धेसाठी घरदार सोडलं, ती नेमकी काय आहे हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं. अशा माणसांना शंका परवडत नाही, असं मला वाटतं. उरिएल दा कोस्टा त्यांच्यातलाच. धर्मगुरूंनी रचलेले नियम देवाचे कशावरून, आत्मा अमर कशावरून, असं विचारत राहिला. १६४० मध्ये माफी मागायला आला तर भर सिनेगॉगात ३९ फटके मारले, मग उंबऱ्यावर निजवलं आणि सगळे त्याला ओलांडून बाहेर गेले. थोड्याच दिवसांत त्यानं स्वतःवर गोळी झाडली. स्पिनोझा तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल.

"तुमचा आहे का देवावर विश्वास?" मी विचारूनच टाकलं. मास्तरणीची खोड.

"कधी असतो, कधी नसतो," गृहस्थ म्हणाले. "पण दहा पुरुष जमल्याशिवाय आमची सामुदायिक प्रार्थना पुरी होत नाही. नऊ जण वाट बघत उभे असतात. त्यांना काय सांगू, आज माझा विश्वास नाहीये?"

"आणि बायका?"

"त्या वर, सज्ज्यात. मोजणीत नाहीत," हे मात्र ते जरा हळू म्हणाले.

स्पिनोझावरची बंदी उठवावी का, यावर २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमला विद्वानांना बोलावून चर्चा झाली. मुख्य रब्बींनी नकार दिला. बंदी आहे तशी आहे.

निघताना त्यांनीच जवळची एक जागा सांगितली. विटांच्या भिंती, प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मरतानाचं वय. नाझींनी मारलेल्या १ लाख २ हजारांहून जास्त माणसांच्या विटा. मी वयं वाचत गेले आणि एका लहान आकड्यापाशी थांबले. नातू घरी दीड महिन्याचा.

दुसऱ्या दिवशी लायडनपर्यंत रेल्वे, तिथून बसनं राइन्सबुर्ख. स्पिनोझा इथं १६६१ ते १६६३ राहिला. बुटकं विटांचं घर. आत भिंगं घासायचं यंत्र आणि कपाटात त्याच्या संग्रहात होती तशी पुस्तकं, मृत्यूनंतर केलेल्या यादीवरून जमवलेली. पोटापाण्यासाठी भिंगं घासायची आणि उरलेल्या वेळात 'एथिक्स' लिहायचं. व्याख्या, गृहीतकं, प्रमेय, सिद्धता. पहिल्या भागातलं अकरावं प्रमेय सांगतं की देव असलाच पाहिजे. मी ते इंग्रजीतून तीनदा वाचलंय. सिद्धतेत खोट काढायला जागा फार कमी. पण सहावी व्याख्या, 'देव म्हणजे काय' ती, एकदा पदरात घेतली की अकरावं प्रमेय आपसूक मागून येतं. दहावीच्या पोरांना मी सांगायचे, भांडायचं असेल तर व्याख्येशी भांडा, सिद्धतेपर्यंत थांबू नका.

१९२० साली आइन्स्टाइन इथं येऊन वहीत सही करून गेला. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रब्बींनी त्याला तारेनं विचारलं, देव मानता का? ५० शब्दांच्या उत्तराचे पैसे आधीच भरलेले. त्यानं स्पिनोझाच्या देवाचं नाव घेतलं. माणसांच्या नशिबात लक्ष घालणाऱ्या देवाचं नाही.

परतीच्या बसमध्ये विटा डोळ्यांपुढून हलेनात. स्पिनोझाच्या देवाला त्यांचा जाब विचारण्यात अर्थच नाही, तो कुणाचं ऐकत नाही. सगळं बिनचूक, आणि बोलायला कुणी नाही. त्या दहाव्या माणसाच्या देवाला मात्र जाब विचारता येतो. तो उत्तर देत नाही, हे त्या गृहस्थांना चांगलं ठाऊक असणार. तरी ते शनिवारी जातात.

संध्याकाळच्या आत हेगला न्यूवे केर्क हे चर्च गाठलं. २१ फेब्रुवारी १६७७ ला स्पिनोझा गेला, ४४ वर्षांचा. इथली त्याची कबर भाड्याची होती, पुढं रिकामी केली. चर्चच्या आवारात आता नुसत्या शिळा आहेत. एकीवर एकच हिब्रू शब्द, ती १९५६ मध्ये बसवलेली. वाळीत टाकल्याला तेव्हा ३०० वर्षं होत होती. अर्थ कळेना म्हणून मोबाइलवर शोधलं. उच्चार रोमन अक्षरांत दिला होता आणि मराठी डोळ्यांनी मी तो वाचला: आमचा.

खरा उच्चार 'अम्खा'च्या जवळचा आणि अर्थ 'तुझी माणसं', हे खालच्या ओळीत होतं. तोवर मी लेकीला फोटो पाठवून मोकळी झाले होते, खाली 'आमचा' लिहून.

"कोण आमचा?" तिचं उत्तर आलं. "बाळ उठलंय, निघ आता."