दोन खडेबाजार आणि एक सुवर्णशोध

बेळगावात खडेबाजार दोन आहेत. एक शहरातला, शनिवार खुटाजवळ गणपत गल्लीच्या गर्दीत मिसळणारा, दुसरा शहापुरातला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, त्यामुळे हाकेच्या अंतरावर दोन राज्ये आणि दोन बाजार सुखाने नांदले. परगावचा पाहुणा रिक्षावाल्यास नुसते ‘खडेबाजार’ असे सांगतो आणि भलत्याच टोकाला उतरतो. बडोदे, इंदूर वा हैदराबादेस स्थायिक झालेल्या आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आजोळ इकडे आहे, त्यांना हा अनुभव नवा नसावा. गेल्या मार्गशीर्षात आम्हांस हे दोन्ही खडेबाजार दोन दिवसांत पायी तुडवावे लागले, आणि तेही सोन्याच्या शोधात!

त्याचे असे झाले. शहरातल्या खडेबाजारात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे रेडिओ-मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा; परंतु हात विलक्षण कसबी. एके दिवशी त्याचा निरोप आला, ‘सर, एक सल्ला पाहिजे, दुकानात या.’ गेलो, तर गल्ल्यावर त्याची पत्नी बसलेली आणि समोर रंगीत माहितीपत्रकांची चळत. सोने शोधणारे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घ्यावयाचे त्याच्या मनात होते. उन्हाळ्यात गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत जावयाचे, सोने काढावयाचे आणि वर्षभरात दुकानाची जागा विकत घ्यावयाची, असा बेत. यंत्राची किंमत लाखाच्या घरात. ती उभी कशी करणार, असे आम्ही विचारले, तेव्हा तो काही बोलला नाही. पत्नीने मात्र हातांतल्या पाटल्या पदराखाली ओढून घेतल्या. आम्हांस उत्तर मिळाले.

आम्ही मराठीचे एम. ए. चुंबकीय क्षेत्राशी आमचा संबंध तो काय? पण शाळेत विज्ञानशिक्षकाची जागा रिकामी होती, तेव्हा दोन वर्षे तो विषयही आम्हीच ओढला होता. चुंबकाचा पहिला धडा या मुलाने आमच्याकडूनच घेतला. तेव्हा जबाबदारी झटकणे शक्य नव्हते.

त्याच्या डोक्यात हे वेड भरले होते ते ऑस्ट्रेलियातील एका हकिकतीने. 1980 साली व्हिक्टोरिया प्रांतात किंगोवर या खेड्यानजीक केविन हिलियर नामक गृहस्थास अशाच यंत्राने जमिनीखाली जेमतेम फूटभर अंतरावर सोन्याचा एक गोळा सापडला. त्याचे वजन सत्तावीस किलोंहून अधिक भरले! हकिकत खरी आहे. परंतु हिलियरच्या पायाखालची भूमी कोणती आणि आपल्या पायाखालची कोणती, हा प्रश्न माहितीपत्रकात कोणी छापत नाही.

यंत्राची करामत तशी सोपी. दांड्याच्या टोकाला तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यास कॉइल म्हणतात. त्यातून उलटसुलट विद्युत्प्रवाह खेळविला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र पसरते. त्या क्षेत्रात धातू आला, तर धातूत सूक्ष्म भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात आणि त्यांचे उलट क्षेत्र कॉइलच्या कानी पडते. ग्रॅहॅम बेलने 1881 साली याच तत्त्वावर अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या देहातील गोळी शोधण्याचा यत्न केला होता. गोळी सापडली नाही. ज्या गादीवर रुग्ण निजला होता, तिच्यातील पोलादी स्प्रिंगांनीही त्या यंत्रास चकविले असे सांगतात. हा दाखला आम्ही मुद्दाम दिला. यंत्र बहिरे नसते; ते वाजवीपेक्षा जास्त ऐकते, हीच त्याची अडचण.

आता निवड. ज्याला नाणी, दागिने शोधावयाचे, त्याला पाच ते पंधरा किलोहर्ट्झचे यंत्र चालते. सोन्याचा बारीक कण ऐकू यावयास कंप्रता वाढवावी लागते. ‘गोल्ड मॉन्स्टर’ पंचेचाळीसवर चालते, तर ‘फिशर गोल्ड बग 2’ एकाहत्तरवर. कंप्रता चढली की बारकावा येतो, पण खोली जाते आणि लोहयुक्त मातीचा गोंगाट वाढतो. तो गोंगाट सोसून खोल जावयाचे, तर ‘पल्स इंडक्शन’ जातीचे यंत्र. ते क्षणभर झटका देऊन थांबते आणि मागाहून येणारा प्रतिसाद ऐकते. मात्र अगदी बारीक कण त्यातून पुष्कळदा निसटतात, आणि खिळा कोणता व सोने कोणते हे सांगण्यातही ते कच्चे. कॉइलचेही तसेच. मोठी कॉइल खोल पाहते, पण बारीक कण तिच्या नजरेतून सुटतो. पाच-सहा इंची कॉइल बारीक टिपते, पण वीतभर खाली तिचे हात टेकतात. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू पुष्कळ खोल असेल, तर अंतर दुप्पट होताच प्रतिसाद निम्मा नव्हे, सुमारे चौसष्टावा हिस्सा उरतो. हा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा आमच्या शिष्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

माहितीपत्रकांत एक निराळेच चित्र होते: दोन सळया पुढे धरून कोसावरचे सोने दाखविणारे यंत्र. अशी यंत्रे कसोटीच्या परीक्षेत कधी टिकलेली नाहीत. तो कागद आम्ही आधी बाजूला काढला.

त्याच्याजवळ एक साधे डिटेक्टर उसने आणलेले होते. दुपारी ते घेऊन आम्ही टिळकवाडीत घरी आलो. परसातल्या तांबड्या मातीत सौभाग्यवतींची अंगठी (त्यांची परवानगी घेण्यास बराच वेळ लागला), एक खिळा आणि पितळेचे एक बिरडे असे चार-चार बोटे पुरले. शिष्याने यंत्र फिरविले. ते बोलू लागले, आणि बोलतच राहिले. जांभ्याची माती लोहाने भरलेली. ढेकळावरही यंत्र किंचाळे. शेवटी तो घामाघूम होऊन म्हणाला, “सर, बोलतंय, खरं सगळीकडंच बोलतंय की!” मातीशी जुळवून घेण्याची कळ फिरविल्यावर गोंगाट निवला, परंतु त्याबरोबर अंगठीचा आवाजही क्षीण झाला. अंगठी सापडली ती आम्हांस जागा ठाऊक होती म्हणून. सौभाग्यवतींनी ती धुऊन तत्काळ बोटात घातली.

त्याची सासुरवाड निपाणीकडची, तंबाखूच्या काळ्या रानातली. तिकडे जाऊन पाहू का, असे त्याने विचारले. निपाणीपासून बेळगावपर्यंतचा बहुतेक मुलूख काळ्या कातळाचा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. त्या कातळात चुंबकीय लोह भरपूर. सोन्याच्या शिरा नाहीत. त्या आहेत धारवाडी खडकांत: कोलार, हट्टी, गदग. कोलारची खाण 2001 साली बंद पडली. हट्टीची चालू आहे. आपल्या रानात सोने सापडलेच, तर ते कोणाच्या तरी कानातून पडलेले.

राहता राहिला कप्पतगुड्डा. तेथील ओढ्यांत सोने आहे, ही कल्पित गोष्ट नव्हे. कॅप्टन न्यूबोल्ड, त्यांच्यामागून भूवैज्ञानिक ब्रूस फूट, दोघांनीही एकोणिसाव्या शतकात त्याविषयी लिहिले. जलगार म्हणून ओळखले जाणारे लोक पावसाळ्यानंतर ओढ्याची वाळू लाकडी पात्रात धूत आणि तिच्यातून सोन्याचा कीस काढीत. कीस, गोळे नव्हेत! पिठासारख्या त्या कणात भोवरा उठावयास जागाच नसते. सर्वांत महाग कॉइलही त्यावरून मुकाट्याने निघून जाते. शिवाय 2019 पासून तो डोंगर वन्यजीव अभयारण्य आहे. खनिजशोधास 1957 च्या कायद्यान्वये परवाना लागतो. आणि पुरलेले धन सापडले, तर कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. हे सर्व ऐकूनही तो म्हणाला, “मग सोनं काढणारे काढतात कसे, सर?”

त्याचे उत्तर दाखविण्यासाठी दुसऱ्या दिवशी उजाडता त्यास आम्ही शहापुरात नेले. तिथला खडेबाजार अजून झोपेत होता. एका चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा पेटला होता. सराफ गल्लीत एक झारेकरी दुकानांच्या पायऱ्यांशी बसून बारीक कुंच्याने फरशीच्या सांधीतली धूळ गोळा करीत होता. सोनारकामात कानशीने उडालेला कण, पायाला चिकटून बाहेर आलेला कण, झाडताना गटारात गेलेला कण: हा त्याचा डोंगर आणि हा त्याचा ओढा. गटारातला गाळही त्याने घमेल्यात घेतला. मग नळाशी बसून तो परात फिरवू लागला. वाळू पाण्याच्या अडीचपट जड, लोहाची काळी रेती पाचपट, शुद्ध सोने एकोणीसपट. पाणी हलके हलके सगळे नेते आणि जड ते तळाशी बसते. काळी रेती त्याने चुंबकाने उचलली. पुढे पारा लागतो, मग विस्तव. त्या पाऱ्याच्या वाफा फार घातक. त्याच्या बोटांना सारखा कंप होता; तो वयाचा की पाऱ्याचा, हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

परातीच्या कडेला अखेर एक पिवळी रेघ उरली, भुवईच्या केसाएवढी. शिष्याने यंत्र सुरू केले आणि कॉइल रेघेजवळ नेली. परात पत्र्याची, यंत्र ठणाणले. झारेकऱ्याने हसून ती रेघ प्लॅस्टिकच्या झाकणात ओतली. आता यंत्र गप्प. शिष्याने कॉइल झाकणाला टेकविली, कळ शेवटपर्यंत फिरविली. गप्पच.

“रोज किती पडतं, काका?” त्याने विचारले.

झारेकऱ्याने आकडा सांगितला नाही. “जागा कोणाची, त्यावर असतंय,” एवढेच म्हणाला आणि पुढल्या पायरीकडे सरकला.

परतताना शिष्य फारसे बोलला नाही. संक्रांतीला तिळगूळ देण्यास दोघे घरी आली, तेव्हा आमचे लक्ष नकळत तिच्या हातांकडे गेले. पाटल्या होत्या. त्याने मात्र पिशवीतून एक वही काढली; तांब्याची तार स्वतः गुंडाळून सहा इंची कॉइल करण्याचा त्याचा विचार चालला आहे, आणि वेढे किती घ्यावेत याचा हिशेब त्यास आमच्याकडून तपासून हवा आहे. वही अद्याप आमच्या टेबलावर आहे.