डीजेला वर्गणी आहे, क्लच प्लेटला नाही

'ती पिकअप विकून टाका' हा सल्ला आम्हाला गेल्या तीन वर्षांत इतक्या जणांनी दिला आहे की आता राग येणेही बंद झाले आहे. सल्ला देणाऱ्यांत आपलेच कार्यकर्ते जास्त. त्यांचे म्हणणे असे, की वस्तीतल्या पाच घरांनी मिळून घेतलेली ही २००९ ची गाडी आता वाहन राहिलेली नाही, मूर्ती झाली आहे. आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी मूर्तीला चिकटून बसू नये. टोला चांगला आहे. मुद्दा मात्र चुकीचा आहे.

गाडीचे दोष आम्ही लपवत नाही. थंडीत सेल्फ लागत नाही, म्हणून रात्री ती उतारावरच उभी करावी लागते. फाळक्याची कडी तुटली, तिथे साखळी बांधली आहे. मागचे पाटे दोनदा बदलले. आमचा तालुका चाळीसगाव. टोमॅटो घेऊन औरंगाबादच्या जाधववाडी बाजारात जायचे म्हणजे कन्नड घाट चढावा लागतो, आणि अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकतो. मग बाजूला घ्यायचे, बोनेट उघडायचे आणि गप्प बसायचे. गरम रेडिएटरचे झाकण लगेच उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. तोवर मागे माल मऊ पडतो. उशिरा पोहोचलेल्या टोमॅटोला काय भाव मिळतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. मालवाहू गाडीला आठ वर्षे झाली की दरवर्षी पासिंग लागते. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. वर्षातले दोन महिने गाडी आमच्यासाठी नाही, कागदांसाठी धावते.

तरी विकत नाही. का?

काही वर्षांपूर्वी गावात एका नामफलकावरून तणाव झाला. दुसऱ्या दिवसापासून भाड्याच्या गाड्या आमच्यासाठी 'रिकाम्या नाहीत' झाल्या. जातीचा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. आता तो काढावा लागत नाही, एवढाच फरक पडला आहे. त्या तीन आठवड्यांत वस्तीतला सगळा माल याच पिकअपने बाजारात गेला. एका बाळंतिणीला मध्यरात्री याच गाडीच्या कॅबिनमध्ये बसवून दवाखान्यात नेले. गाडी तेव्हाही जुनीच होती. पण आपली होती.

चाळीसगाव हे नाव वाचून काहींना आठवले असेल. ऑक्टोबर १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य असलेले बाबासाहेब बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून परतताना चाळीसगाव स्टेशनावर उतरले. वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. त्यांना घेऊन जायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. आपल्या नेत्याने पायी यावे हे लोकांना पटेना, म्हणून ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा आपलाच एक माणूस पुढे बसला. नदीवरच्या फरशीत चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला, आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. त्याआधी लहानपणी, १९०१ साली, मसूर स्टेशनाहून वडिलांकडे जाताना दुप्पट भाडे देऊनही गाडीवाला पायी चालला होता आणि बैलगाडी मुलांनी हाकली होती. दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत.

टांगेवाल्याला शिव्या घालून हा प्रसंग संपवण्याची आपल्याला सवय आहे. आम्ही त्यात दुसरेही काही वाचतो. वाहन मिळाले, हाकता येणारा हात नव्हता. म्हणून २०१४ साली ही पिकअप सेकंडहँड घेतली तेव्हाच ठरवले, की पाचांपैकी निदान तीन घरांत लायसन्स असलेला माणूस पाहिजे. आज चौघे चालवतात. त्यात एक सून आहे आणि घाटात तिचा गिअर सगळ्यांत साफ पडतो.

राहिला मूर्तीचा आरोप. या गाडीला लिंबू-मिरची कधी बांधली नाही. दसरा आला की गॅरेजचा मिस्त्री प्रेमाने नारळ-हार सुचवतो. आमच्यासाठी तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. त्या दिवशी आम्ही गाडीचे ऑइल बदलतो. भक्ती केली असती तर एव्हाना इंजिन बसले असते. चासी सडली किंवा ब्रेकचा भरवसा उरला नाही, तर त्याच दिवशी भंगारात देऊ. पण आज तिच्यावर एक रुपया कर्ज नाही. नव्या गाडीचा हप्ता दोन महिने थकला की दारात वसुलीवाले उभे राहतात, आणि पाचांपैकी चार घरांकडे तारण ठेवायला सातबारा नाही. 'नवी घ्या' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला आम्ही पाहिला नाही.

उलट आमचाच एक हिशेब आहे. भीमजयंतीला डीजेचे बॉक्स याच पिकअपवर चढतात. सहा-सहा तास पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. क्लच प्लेट जळायला आणखी काय लागते? मागच्या वर्षी मिरवणुकीनंतर आठवड्याभरात ती गेली. प्रेशर प्लेट आणि बेअरिंग धरून ११ हजार. त्याच जयंतीला डीजेसाठी ६० हजार जमले होते, तेही दोन दिवसांत. क्लचसाठी फिरलो तेव्हा १,४०० मिळाले. 'गाडी तुमची आहे ना?' असे विचारले गेले. तणावाच्या त्या तीन आठवड्यांत ती कुणाची होती, हे आम्ही विचारले नव्हते. आवाज दोन चौकांपलीकडे जातो, पण ज्यावर तो ठेवला आहे त्याच्या ऑइलची चिंता मोजक्या चार माणसांनी करायची, हे फक्त गाडीपुरते आहे असे वाटत असेल तर आपल्या गावच्या वाचनालयाचे छप्पर एकदा पाहून यावे.

डिसेंबरमध्ये पासिंग आहे. त्याआधी हौद्याचा पत्रा वेल्डिंग करायचा आहे. १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी पुस्तकांचे खोके विद्यापीठ गेटवर न्यायचे आहेत. माणसे नाहीत, माणसांनी एसटीने यावे; मालाच्या हौद्यात माणसे बसवणे आम्ही बंद केले आहे. आणि जयंती मंडळातल्या तरुणांना आत्ताच सांगून ठेवतो: गाडी यंदाही मिळेल, भाडे लागणार नाही. फक्त क्लच प्लेटचे पैसे मार्चअखेर जमा करावेत. पावती मिळेल.