येझदीचा शेवटचा फेरा

आमची येझदी 1984 ची. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते, तेव्हा त्यांनी हप्त्यावर घेतलेली. गिअरची दांडी उभी केली की तीच किक, हे नवख्याला सांगूनही पटत नाही. मैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. आमची गाडी चालतच राहिली. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अब्बांची बदली अहमदपूरला होती. दुसऱ्या दिवशी ते हिच्यावरच पावाची पोती बांधून निघाले. तिथं काय पाहिलं, ते त्यांनी आजवर पुरतं सांगितलेलं नाही.

थोरली लेक लातूरला ‘नीट’च्या क्लासला आहे. लातूर पॅटर्नचं नाव मोठं, तशी फीही मोठी. जुन्या येझदीला शौकीन लोक बरी किंमत देतात असं कळलं आणि लातूरचंच गिऱ्हाईक मिळालं. अब्बा एवढंच म्हणाले, “टेम्पोत घालून नेऊ नको. चालवत ने.”

महिनाभर रविवारी अंगणात गाडी खोलून बसलो. कार्बोरेटर धुतला, सायलेन्सरमधला कार्बन खरवडला, क्लचची वायर बदलली. अब्बा खाटेवरून आवाज ऐकत आणि मान हलवत. हात थरथरतात, पण कान शाबूत आहेत.

नांदेडहून फजरनंतर निघालो. टाकीत लिटरला चाळीस मिली ऑइल मिसळून पेट्रोल. चौपदरी महामार्ग सोडून उस्माननगर-कंधारचा जुना रस्ता धरला. दोन्ही अंगांना काळी रानं, सोयाबीन काढून झालेलं, तूर फुलावर. साठच्या पुढं ही गाडी पळवू नये; त्या चालीत शेतातला माणूस हात वर करतो तेही दिसतं. कंधारला किल्ल्याच्या खंदकाकडेला थांबलो, हाजी सय्याह यांच्या दर्ग्यावर फातिहा पढली, चहा घेतला.

पुढं एका चढावर गाडी खोकली आणि गप्प झाली. आमच्याकडं गाडी बंद पडली की माणसं जमतात, निम्मी मदतीला, निम्मी सल्ल्याला. प्लग काढला, ठिणगी पिवळट, मलूल. अब्बांना फोन लावून किकचा आवाज ऐकवला.

“पॉइंट देख, पॉइंट!”

उजवीकडचं झाकण उघडलं. पॉइंट काळे पडलेले. एका शेतकरीदादांनी पॉलिश पेपरचा तुकडा आणून दिला. फट मोजायची पट्टी घरीच राहिली होती. अब्बा म्हणाले, “लग्नपत्रिकेचा कागद घाल, तेवढीच फट.” बॅगेत एका सहकाऱ्याच्या मुलाची पत्रिका होती. कोपरा फाडला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. दादांना पैसे देऊ लागलो, तर म्हणाले, “मास्तर, पोरगी डॉक्टर झाली की आमच्याकडं पाठवा.”

जोहर अहमदपूरला अदा केली. लातूरला पोचलो तो लेक वसतिगृहाच्या फाटकाशी उभी. गाडी विकायचीय हे तिला सांगितलं नव्हतं. ती मागं बसली, गंजगोलाईला एक चक्कर मारली, तेव्हा सांगितलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अब्बू, दादाजान राजी आहेत ना?”

“आहेत.”

गिऱ्हाइकानं तीनदा किक मारली, गाडी लागेना. दांडी आधी आत दाबायची असते, हे दाखवलं. पैसे मोजून घेतले, लेकीला सोडलं आणि बसस्टँडवरून अब्बांना फोन केला.

“पत्रिकेचा तुकडा त्यांना दिलास का?”

तो माझ्या खिशातच होता. रिक्षा करून परत गेलो आणि देऊन आलो. नांदेडची गाडी चुकली. पुढची रात्री साडेनऊला मिळाली.