दुकान बंद, मीटर चालू

निपाणीच्या जुन्या पेठेतली घरं कधी निवांत पाहिलीत का? रस्त्याला लागून पहिली खोली दुकानाची, तिच्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी थोडं परसू. तंबाखूच्या पैशावर वाढलेलं हे गाव. वखारी, विडीचे कारखाने, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, आणि या सगळ्यांना लागेल ते विकणारी छोटी छोटी दुकानं. घर आणि दुकान यांच्यामध्ये बहुधा एक पडदा, फार तर एक दार. आपल्याकडे डिचोलीत, म्हापशात, फोंड्याला जुन्या बाजारातली घरं अशीच आहेत. पुढे पसरा, मागे संसार. गिऱ्हाईक नसलं की दुकानदार आत येऊन जेवून जातो, आणि आतल्या माणसाला बाहेरचं सगळं बोलणं ऐकू येतं.

माझी मावशी डिचोलीची. लग्न होऊन १९७४ साली ती निपाणीला गेली आणि तिथलीच झाली. आता तिच्या बोलण्यात 'व्हय' आणि 'न्हाई' इतके सहज येतात की तिची सख्खी भावंडंही तिला 'घाटावरची' म्हणतात. काकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मराठी शाळेची पुस्तकं, पाट्या, शाईच्या बाटल्या, दिवाळीत कागदी कंदील आणि दोन-चार दिवाळी अंक. जून महिन्यात त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तिथं गेलो की नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर झोपायचो. कोऱ्या कागदाचा तो वास पुढे कुठल्याच कचेरीत मिळाला नाही.

घराला विजेचं मीटर एकच, आणि ते दुकानाच्या खोलीत. जोडणी घेतली तेव्हा कर्नाटक विद्युत मंडळाचा काळ होता. ते मंडळ १९९९ साली गेलं, २००२ साली वीजवाटपाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, तरी सीमाभागातली जुनी माणसं अजून 'केईबी'च म्हणतात. दुकान होतं म्हणून जोडणी व्यापारी वर्गात गेली. त्यात काही गैर नव्हतं. काका २००६ साली वारले. मुलगा पुण्याला, मुलगी सांगलीला. दुकान चालवणारं कुणी उरलं नाही. फळ्या विकल्या, उरलेली पुस्तकं शाळेला दिली आणि त्या खोलीत मावशीची खाट, देवाचा कोनाडा आणि टीव्ही आला. दुकानाची पाटीसुद्धा उतरवली. बदललं नाही ते एकच, मीटरचा वर्ग. भिंतीवर ते आपलं फिरत राहिलं आणि विजेच्या दप्तरी काकांचं दुकान सतरा वर्षं उघडंच राहिलं.

हे बाहेर आलं ते २०२३ साली. त्या वर्षी कर्नाटकात नवं सरकार आलं आणि 'गृहज्योती' योजना सुरू झाली. घरगुती ग्राहकाने आधीच्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ मध्ये, महिन्याला सरासरी जितके युनिट वापरले त्यावर दहा टक्के धरून, २०० युनिटांच्या आत, वीज मोफत. जुलैच्या वापरापासून लागू. नोंदणी १८ जूनपासून. अख्ख्या गल्लीने नोंदणी केली. मावशीही आधार कार्ड आणि बिल घेऊन संगणक केंद्रावर रांगेत उभी राहिली. तिथल्या मुलाने बिलावरचा नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज्जी, तुमचं मीटर दुकानाचं हाय. ह्यात बसत न्हाई."

मावशीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. "कुठलं दुकान रे? दुकान जाऊन सतरा वर्सं झाली की."

शनिवार-रविवारला जोडून रजा टाकली आणि चोर्ला घाटातून बेळगाव करत निपाणीला गेलो. मावशीला काही फेकून द्यायची सवय नाही. सगळी बिलं तारेच्या आकड्याला टोचून दाराआड टांगलेली. मागच्या बारा महिन्यांची काढून बसलो. वापर महिन्याला चाळीस ते पन्नास युनिट. एक पंखा, तीन दिवे, टीव्ही, आणि उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला फ्रिज. त्या वर्षीच्या दराने घरगुती ग्राहकाला शंभर युनिटांपर्यंत युनिटमागे ४ रुपये ७५ पैसे पडत. व्यापारी दर आठ रुपयांच्या वर, स्थिर आकारही जास्त. वर कर. मी कागदावर मांडलं तर वर्षाला तीन हजारांच्या आसपास जादा जात होते. कुणाला ही रक्कम लहान वाटेल. मावशीचा तेवढ्यात दोन महिन्यांचा किराणा येतो. आणि असं एक वर्ष नाही, सतरा वर्षं. दर वेळोवेळी बदलले, म्हणून एकूण बेरीज मी केली नाही. खरं म्हणजे तिच्यासमोर ती करावीशी वाटली नाही.

पहिला विचार मनात आला तो भाषेचा. येणारच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोग आला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळं आपण 'तरुण भारत'मध्ये वाचत मोठे झालो. निपाणीला लागून अर्जुननगर, तिथं देवचंद कॉलेज. कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखतात, पण ते उभं आहे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर बिल महावितरणचं, मराठीत. आणि इकडे मावशीच्या हातात कानडी बिल. तिला आकडा आणि तारीख तेवढी कळायची. आकडा वाचायचा, तारीख चुकवायची नाही, हा तिचा नेम. मनात म्हटलं, मराठीत असतं तर तिने कधीच पकडलं असतं.

पण हा विचार फार टिकला नाही. शेजारी एक निवृत्त कानडी मास्तर राहतात. त्यांना मी ते बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. दराच्या रकान्याला कानडीत 'जकाती' म्हणतात हे त्यांनीच मला सांगितलं. शब्द आपलाच, अर्थ थोडा सरकलेला. त्या जकातीपुढे छापलं होतं एलटी-३. "ह्याचा अर्थ काय, सर?" मी विचारलं. मास्तर हसले. त्यांच्या स्वतःच्या बिलावर एलटी-२ होतं, आणि त्याचाही अर्थ त्यांनी कधी कुणाला विचारला नव्हता. त्या वेळच्या वर्गवारीत एलटी-२ म्हणजे घर, एलटी-३ म्हणजे व्यापार, एलटी-५ म्हणजे कारखाना. हे ज्याने दर ठरवले त्याला ठाऊक, ज्याने बिल छापलं त्याला ठाऊक. जो पैसे भरतो तो मराठी असो की कानडी, त्याला ही लिपी कुणी शिकवलेलीच नाही.

मी स्वतः सरकारी कारकून. वीस-एक वर्षं फायलींत गेली. वर्गवारी म्हणजे काय ते मला टेबलाच्या अलीकडच्या बाजूने ठाऊक आहे. एकदा प्रकरण एका शीर्षाखाली गेलं की ते तिथंच राहतं. ते तिथं का आहे हे पुन्हा कुणी विचारत नाही, कारण विचारणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. शिवाय यात एक मोठी गंमत आहे. २००३ च्या वीज कायद्यात १२६ वं कलम आहे. घरगुती जोडणीवर कुणी दुकान चालवलं तर तो अनधिकृत वापर ठरतो. तपासणी होते, दुप्पट दराने आकारणी होते, आणि हे कधीपासून चाललंय ते कळलं नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. योग्यच आहे. पण उलट घडलं, म्हणजे व्यापारी दर भरणाऱ्याच्या घरात दुकानच नसलं, तर? त्यासाठी दारात तपासनीस येत नाही. कमी भरणाऱ्याला कायदा शोधत येतो. जास्त भरणाऱ्याने स्वतःच कायद्याला शोधत जायचं असतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. जिथून तक्रार येत नाही तिकडे कुणाची मान वळत नाही, इतकंच.

सोमवारी विजेच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडे माझ्याच वयाचा कारकून. त्याने बिल पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे कोण?" बिल काकांच्या नावाचं. म्हणजे आधी नाव बदलायचं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, नगरपालिकेचा घराचा उतारा, मुलांचं ना-हरकत पत्र, स्टँप पेपरवर हमी. मग वर्ग बदलायचा अर्ज. मग जागेवर येऊन पाहणी. मी वही काढून सगळं उतरून घेतलं. त्याने विचारलं, "तुम्ही पण ऑफिसात का?" मी हो म्हटलं. दोघेही हसलो. कारकून कारकुनाला वहीवरून ओळखतो.

अर्ज मावशीने स्वतः लिहिला होता, मराठीत, काकांच्या दुकानातल्या उरलेल्या फुलस्केपवर. मी ठरवून ठेवलं होतं की कुणी नको म्हटलं तर घटनेचं ३५० वं कलम सांगायचं. आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, असं ते कलम म्हणतं. निपाणीत मराठी वापरात नाही असं कोण म्हणेल? पण वेळ आली नाही. त्या माणसाने अर्ज घेतला, हळूहळू बोट फिरवत वाचला आणि म्हणाला, "वर साहेबांना कानडी पाहिजे. मी लिहून देतो, आजींची सही घ्या." आणि त्याने खरंच अर्ध्या पानाचा कानडी अर्ज लिहून दिला, मराठी अर्ज त्याला टाचणीने जोडला. लिहिताना तो अर्धवट मोठ्याने वाचत होता. त्यात दोन शब्द मला स्वच्छ ऐकू आले, 'वाणिज्य' आणि 'गृह'. मावशीनेही ऐकले. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हंजे शब्द तेच की रे. नुसती अक्षरं येगळी."

एक गोष्ट मात्र मी धरलेली नव्हती. नाव बदलायच्या कागदावर सही करताना मावशी थांबली. म्हणाली, "मग आता त्यांचं नाव कुठंच येणार न्हाई?" रेशन कार्डावरून नाव गेलं, बँकेतून गेलं, घराच्या उताऱ्यावरून गेलं. महिन्याला एक कागद काय तो काकांच्या नावाने दारात येत होता. मला काय बोलावं कळेना. तिनेच थोड्या वेळाने पदराने चष्मा पुसला आणि सही केली. "पैसे त्यांनीबी असे सोडले नसते," एवढंच म्हणाली.

दिवाळीच्या आत वर्ग बदलला. मग योजनेत नोंदणी झाली, आणि तिच्या वाट्याला युनिटांची जी मर्यादा आली तीत तिचे दिवे-पंखा भागतात. पहिलं शून्याचं बिल तिने मास्तरांना नेऊन दाखवलं. मागचे पैसे? ते मिळाले नाहीत. मीही फार ताणलं नाही. जोडणी दिली तेव्हा वर्ग बरोबर होता आणि दुकान बंद झाल्याचं दप्तरी कुणी कळवलेलं नव्हतं. तेव्हा वर्ग बदलतो तो अर्ज केल्यापासून पुढे. बिलात खरोखर चूक असती तर गोष्ट वेगळी. त्यासाठी वीज कायद्याच्या ४२ व्या कलमाखाली प्रत्येक वीज वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवावा लागतो, आणि तिथं समाधान झालं नाही तर वर विद्युत लोकपाल असतो. आपल्या गोव्यात वीज हे सरकारचं खातं आहे, कंपनी नाही, तरी हा मार्ग इथंही आहे. कोर्टकचेरीइतका तो अवघड नाही, पण फार थोड्यांना ठाऊक आहे.

निपाणीहून परतल्यावर मी आमच्या घरचं बिल हातात घेऊन नीट वाचलं. ते इंग्रजीत येतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. त्या दोन भाषांवरून आपण किती भांडलो! आणि बिल येतं तिसऱ्याच भाषेत. त्यातही दराचा वर्ग असतो तो आद्याक्षरांत, म्हणजे चौथ्या भाषेत.

आपल्या गावागावांत अशी किती घरं असतील. पुढच्या खोलीतला पसरा बंद पडला, पिठाची चक्की थांबली, शिंप्याचं यंत्र माळ्यावर गेलं. मुलं गल्फात नाही तर पुण्यात. घरात एक म्हातारं माणूस, आणि ते दर महिन्याला, तारीख न चुकवता, एका नसलेल्या दुकानाची वीज भरतंय. असं माणूस तक्रार करत नाही, कारण आलेलं बिल भरायचं असतं एवढंच त्याला शिकवलेलं असतं. म्हणून सांगतो, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आई-वडिलांचं, आत्या-मावशीचं विजेचं बिल एकदा मागून घ्या. आकडा नंतर पाहा. आधी वर्ग पाहा, आणि मग ज्या खोलीत मीटर आहे त्या खोलीकडे पाहा. दोन्ही जुळत नसतील तर एक अर्ज पुरतो. तो कुठल्याही भाषेत लिहा.