हशा

आमच्या पिढीला इंग्लंडची जी काही ओळख झाली, ती पाठ्यपुस्तकांतील शेक्सपिअरपेक्षा दूरदर्शनवर दाखविल्या गेलेल्या ‘माइंड युअर लँग्वेज’ आणि ‘यस मिनिस्टर’ या विनोदी मालिकांनीच अधिक करून दिली. माझे वडील जिल्हा कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांचे इंग्रजी सरकारी मसुद्यांपलीकडे फारसे गेलेले नव्हते. तथापि ‘यस मिनिस्टर’मधील सर हम्फ्री ॲपल्बी हा मुरलेला सनदी नोकर, निर्णय लांबणीवर टाकण्यासाठी उपवाक्यांमागून उपवाक्ये जोडीत मंत्रिमहोदयांना पार निरुत्तर करू लागला, की वाक्य पुरते होण्यापूर्वीच वडील हसू लागत. कारण त्याच वळणाचे शेरे त्यांनी उभी हयात नकलून काढले होते.

त्यांच्या हसण्याला साथ असे ती मालिकेतल्या हशाची. हा हशा मागाहून चिकटविलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. पण बहुधा तो चित्रीकरणास प्रत्यक्ष हजर असलेल्या प्रेक्षकांचा असे. तीन भिंतींचे नेपथ्य, चौथ्या बाजूस कॅमेरे आणि त्यांच्यामागे रसिक मंडळी, अशी ही व्यवस्था म्हणजे नाटकच होते, आणि हशा ओसरेपर्यंत थांबून पुढचे वाक्य टाकण्याची नटांची हातोटीही रंगभूमीचीच. ‘फॉल्टी टॉवर्स’ (१९७५ आणि १९७९, भाग अवघे १२) पाहताना, बंद पडलेल्या मोटारीला झाडाच्या फांदीने बडविणारा हॉटेलमालक बेझिल जेव्हा उघड्या रस्त्यावर येतो, तेव्हा चित्राचा पोतही बदललेला दिसतो, कारण बाहेरची दृश्ये फिल्मवर घेत, आतली व्हिडिओ टेपवर.

पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, तबकड्या आल्या, आणि कधीतरी ‘द ऑफिस’ (२००१) माझ्या हाती लागली. कागद विकणाऱ्या एका कंपनीची ती कथा माहितीपटाचे सोंग घेऊन सांगितलेली आहे. साहेब डेव्हिड ब्रेंट एखादी फसलेली कोटी करतो, मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहतो, आणि कोणीही हसत नाही. पहिल्या भागात मला हे दूरदर्शन संचाचे वैगुण्य वाटावे, इतकी ती शांतता अपरिचित होती. प्रेक्षकांना रजा देण्याचे हे धाडस ‘द रॉयल फॅमिली’ने १९९८ मध्येच केले होते, पण ओशाळलेपण हाच विनोदाचा मुख्य ऐवज करण्याचे श्रेय मी ब्रेंटलाच देईन. ‘द ऑफिस’नंतर चार वर्षांनी ‘द थिक ऑफ इट’ने मंत्र्याचे दालन पुन्हा उघडले, ते हातात धरलेल्या अस्थिर कॅमेऱ्याने, आणि सर हम्फ्रीच्या पल्लेदार वाक्याची जागा सरकारी प्रसिद्धिप्रमुख माल्कम टकरच्या शिवराळ फर्मानांनी घेतली. कारभार तोच, मखलाशी करणारी जीभ मात्र बदलली. ‘फ्लीबॅग’ची (२०१६) नायिका तर कॅमेऱ्याकडे पाहून थेट आपल्याशीच मसलत करते.

जुनी तऱ्हा अस्तंगत झाली, असे मात्र नव्हे. ‘मिसेस ब्राउन्स बॉइज’मध्ये प्रेक्षक अजूनही खदखदून हसतात, आणि मला ती मालिका मुळीच आवडत नाही. हशा ऐकू येतो की नाही, यावर माझी पसंती ठरत नाही. वाक्य रचण्याची मेहनत कोठे अधिक झाली आहे, एवढेच मी पाहतो, आणि त्या कसोटीवर ‘यस मिनिस्टर’ला आजही अग्रमान देतो. ज्यांनी कचेरीत चार दिवस काढले आहेत, त्यांनी ती अवश्य पाहावी.