पेटीतली नात

रोज दहा फोन येतात. सगळ्यांना तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून इथेच लिहून टाकते.

आमची नात एकोणतिसाव्या आठवड्यातच आली. वजन ११५० ग्रॅम. आज बाविसावा दिवस, आणि सकाळचं वजन १३१० ग्रॅम. धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, त्यामुळे मीही म्हणत नाही.

मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. मऊ कापडाची गुंडाळी करून तिच्याभोवती गोल ठेवलेली, अगदी घागरीखालच्या चुंबळीसारखी. पोटात असल्यासारखे हातपाय जवळ राहावेत म्हणून. पेटीवर जाड कापड, डोळ्यांवर उजेड नको म्हणून. मी काचेवर बोटाने टकटक करणार, तेवढ्यात सिस्टरनी माझा हात धरला. आत तो आवाज केवढा तरी मोठा होतो म्हणे. बाळाला कुरवाळायचंही नाही. एक तळवा डोक्याशी, एक पावलांशी, नुसता स्थिर ठेवायचा. टाच टोचायच्या आधी जिभेवर आईच्या दुधाचे थेंब देतात, तेवढंच दुखणं कमी.

नवव्या दिवसापासून ‘कांगारू’ सुरू झालं. बाळाला नुसती टोपी, मोजे आणि लंगोट. आईच्या उघड्या छातीवर उभं धरून वरून कापडाने बांधायचं, निदान तासभर. संध्याकाळी मुलगा बसतो. एरवी तासभर एका जागी न बसणारा माझा मुलगा! छातीवर गेली की तिचा श्वास संथ होतो, हे मॉनिटरवर त्याने स्वतः पाहिलंय.

ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली. पेट्या कमी, बाळं जास्त, त्यातून जंतुसंसर्ग. तेव्हा अडचणीतून काढलेली ही वाट. पण २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच कांगारू सुरू केलं, तर १ ते १.८ किलोच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शंभरी सुमारे १६ वरून १२ वर आले. त्यासाठी आईची खाटच बाळाच्या विभागात ठेवली होती. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं.

आमच्याकडे मात्र सुनेला ठरावीक वेळ आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. गळ्यात ‘व्हिजिटर’चा पास! जिच्या अंगाची ऊब हेच औषध, ती पाहुणी कशी? मी तसं लेखी दिलंय. शिक्षिकेची सवय, दुसरं काय. वेळ वाढवून मिळाली, खुर्ची तीच आहे.

विहीणबाईंचं म्हणणं वेगळं. ओल्या बाळंतिणीने सव्वा महिना खोलीबाहेर पडू नये, शेक-शेगडी व्हावी. त्यांची काळजी खोटी नाही, टाके अजून दुखतात. पण पोर घरी यायला बघत नाही, बाळापाशीच जाते म्हणते. मी तिच्या बाजूने बोलले, म्हणून दोन दिवस अबोला होता.

बारसं कधी, ते विचारू नका. भेटायलाही येऊ नका, आत कोणाला सोडत नाहीत. विहीणबाईंचा डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र कालपासून त्या खुर्चीशेजारी असतो.